तुसापासून सच्छिद्र सिलिका: ऑगस्ट ते मार्चच्या नोंदी

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचा प्रकल्प करताना रोज वहीत लिहिलेलं इथे साफ करून ठेवते आहे. काम असं: भाताच्या तुसातून सिलिका काढायची, तिचे अतिसूक्ष्म, आतून छिद्रंच छिद्रं असलेले कण करायचे आणि ते कण रंगाचं पाणी स्वच्छ करतात का ते बघायचं. कॉलेजची साधी लॅब, एक मफल भट्टी, एक जुनं सेंट्रिफ्यूज (जोरात फिरवून गाळ तळाला बसवणारं यंत्र), एक स्पेक्ट्रोफोटोमीटर (पाण्यात रंग किती ते प्रकाशावरून मोजणारा). बाकी तपासण्या बाहेरून पैसे देऊन. हेच काम करायला घेणाऱ्यांचा वेळ वाचावा म्हणून जे फसलं ते जास्त लिहिलंय.

१४ ऑगस्ट २०२३

विषय पक्का झाला. मी इचलकरंजीची. घराच्या मागे लूमचा खडखडाट आणि नाल्यात कधी निळं, कधी लाल पाणी बघतच वाढले. ते पाणी शेवटी पंचगंगेला जातं. त्यामुळे ‘उपयोग’ या रकान्यात काय लिहायचं ते मला आधीपासून ठाऊक होतं. माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, आधी पदार्थ तर हातात येऊ दे.

पदार्थ म्हणजे एमसीएम-४१. १९९२ साली मोबिल कंपनीच्या शास्त्रज्ञांनी जाहीर केलेली सिलिका. साबणासारख्या रेणूंचे लांब दांडके पाण्यात षटकोनी रचनेत उभे राहतात, त्यांच्याभोवती सिलिका जमते, मग दांडके जाळून किंवा धुऊन काढायचे. मागे उरतात दोन-तीन नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) रुंदीच्या सरळ नळ्या. सिद्धांत एवढा पुरे.

मॅडमची अट: तुसाकडे जाण्याआधी बाजारच्या शुद्ध रसायनापासून तीच पूड एकदा करून दाखव, म्हणजे पुढे बिघडलं तर दोष तुसाचा की हाताचा ते कळेल. तेव्हा मला हे लांबण वाटलं होतं. ही अट नसती तर डिसेंबरमध्ये मी पूर्ण अडकले असते.

२७ ऑगस्ट

आजऱ्याला मामाच्या भात गिरणीवरून तूस आणलं. मामा म्हणाला, “एवढं तूस न्हेऊन काय करणार गं?” एक पोतं फुकट मिळालं. पण पोत्यात तूस, कोंडा, कणी, माती, सुतळीचे तुकडे असं सगळंच होतं. मैद्याच्या चाळणीने कोंडा आणि माती खाली काढली. तूस पाण्यावर तरंगतं, खडे तळाला जातात, म्हणून बादलीत धुणं सोपं. तीन पाणी बदलली, गच्चीवर दोन दिवस वाळवलं. पावसाळ्यात हे काम काढू नका, माझं पहिलं तूस बुरसलं आणि टाकून द्यावं लागलं.

५ सप्टेंबर

धुतलेलं तूस थेट भट्टीत ७०० अंशांना चार तास. दोन चुका एकदम.

पहिली, धूर. ५० ग्रॅम तुसाने मजला भरला, वरच्या वर्गातून लोक खाली आले. आता आधी अंगणात पत्र्यावर जाळून काळं करून घेते, मग भट्टीत.

दुसरी, राख पांढरी झालीच नाही. करडी, मध्ये मध्ये काळे घट्ट खडे. पुन्हा चार तास ठेवली, फरक नाही. कारण पोटॅशियम. तुसात ते असतंच. गरम झालं की ते सिलिकेला वितळवतं आणि कोळसा त्या वितळलेल्या थराखाली कोंडला जातो. मग कितीही जाळा, आत हवाच पोचत नाही. तापमान आणखी वाढवणं हा उपाय नाही. त्याने सिलिका स्फटिकरूप व्हायला लागते, तशी राख पुढच्या पायरीत कॉस्टिक सोड्यात लवकर विरघळत नाही आणि तिची धूळ फुप्फुसाला खरोखर घातक असते.

१३ सप्टेंबर

उपाय: जाळण्याआधी तूस आम्लात उकळून पोटॅशियम काढणं. घाईत घरचं स्टीलचं पातेलं घेतलं. तासाभरात पाणी हिरवट पिवळं. हायड्रोक्लोरिक आम्लाने पातेलंच खाल्लं होतं. पोटॅशियम काढायला निघाले आणि लोखंड घातलं. तो सगळा घाणा फेकला, आईला नवं पातेलं देणं बाकी आहे.

नंतर काचेचं दोन लिटरचं बीकर. तूस फार फुगीर असतं, बीकरमध्ये ५० ग्रॅमच बसतं. एक मोलर आम्ल, ९० अंश, दोन तास, ढवळत. मग लिटमस बदलेनासा होईपर्यंत धुवायचं. भट्टी ६५० अंश, सहा तास. ५० ग्रॅम तुसातून ८.३ ग्रॅम राख मिळाली आणि ती खडूसारखी पांढरी होती. मी अर्धा तास नुसती बघत बसले होते.

२६ सप्टेंबर

आता मॅडमची अट. कृती सर्वत्र वापरली जाणारीच: एक ग्रॅम सीटॅब (दांडके करणारा तो साबणासारखा पदार्थ) ४८० मिली पाण्यात, त्यात दोन मोलर कॉस्टिक सोडा ३.५ मिली, ८० अंश, मग टीईओएस (ज्यापासून सिलिका होते ते बाजारचं शुद्ध द्रव रसायन) ५ मिली थेंबथेंब, दोन तास ढवळत ठेवायचं.

वाचायला चार ओळी. पहिला घाणा तीन कारणांनी गेला.

हॉटप्लेटच्या बटणावर ८० होतं, द्रावणात थर्मामीटर बुडवला तेव्हा ६२. बटणावर विश्वास ठेवायचा नाही.

टीईओएस मी पिपेटने एका दमात सोडलं. वरती तेलासारखा थर आला आणि तळाला गोळे.

आणि बाटली जुनी. मागच्या पावसाळ्यात कुणीतरी उघडून सैल बंद केलेली. तळाशी जेलचे पारदर्शक तुकडे तरंगत होते. टीईओएसला हवेतली ओल लागली की ते बाटलीतच सिलिका व्हायला लागतं. नवी बाटली मागवली, ५०० मिली, १,९०० रुपये. आठ दिवस वाट.

६ ऑक्टोबर

दुसरा घाणा. बीकर तेलाच्या बाथमध्ये, वर अॅल्युमिनियम फॉइल, थर्मामीटर द्रावणात. टीईओएस ड्रॉपिंग फनेलमधून दहा मिनिटांत. काही मिनिटांत स्वच्छ पाण्याचं पातळ ताक झालं. हा रंगबदल दिसला की काम योग्य दिशेने चाललंय असं समजायचं.

मग गाळताना मी सगळं घालवलं. व्हॉटमन ४२ कागद लावला, दूध वरून ओतलं, खाली दूधच आलं. कागदाची छिद्रं अडीच मायक्रोमीटरची, माझे कण शंभर नॅनोमीटरच्या आसपास. हिशेब कागदावर दहा सेकंदांत होतो, मी तो केला नव्हता. दोन कागद एकावर एक लावले, मग पाणीच खाली उतरेना. रात्र झाली, सोडून दिलं, सकाळी अर्धं वाळून काचेला चिकटलेलं.

११ ऑक्टोबर

तिसरा घाणा, सेंट्रिफ्यूज. आमचं यंत्र ४,००० आरपीएमचं, १५ मिलीच्या आठ नळ्या. म्हणजे एका फेरीला १२० मिली, चार फेऱ्या, प्रत्येक अर्धा तास. नंतर दोनदा पाण्याने आणि दोनदा इथेनॉलने धुणं, दर वेळी गाळ पुन्हा पूर्ण मोकळा करायचा. सोनिकेटर (ध्वनिलहरींनी गाळ मोकळा करणारं यंत्र) नसेल तर नळी हाताने हलवून हा गाळ सुटत नाही, आत गुठळी राहते आणि त्या गुठळीत कॉस्टिक राहतं. पूर्ण दिवस गेला. लॅबमधल्या काकांनी सात वाजेपर्यंत दार उघडं ठेवलं.

२० ऑक्टोबर

सीटॅब जाळणं. भट्टी थेट मिनिटाला १० अंशांनी ५५० पर्यंत नेली. खोलीत सुकटाचा वास पसरला. सीटॅब तुटताना निघणाऱ्या अमाइनचा तो वास, खिडक्या उघड्या ठेवा. पूड बाहेर काढली ती तपकिरी-करडी आणि कडक. वेग जास्त झाला की सीटॅब नळ्यांतून बाहेर पडायच्या आत कोळसा होतो.

पुढच्या घाण्याला मिनिटाला १ अंश. चढायलाच जवळपास नऊ तास, वर सहा तास मुक्काम. संध्याकाळी लावायची, सकाळी काढायची. एका रात्री वीज गेली, परत आल्यावर भट्टीच्या कंट्रोलरने कार्यक्रम विसरून पूर्ण जोराने तापवायला घेतलं. तो घाणाही गेला. मग भट्टीचा कंट्रोलर वेगळा करून इन्व्हर्टरवर घेतला, काकांनी वायर ओढून दिली.

२४ तारखेला अखेर पांढरी, हलकी पूड. १.०८ ग्रॅम. पाच मिली टीईओएसमधून जास्तीत जास्त १.३५ ग्रॅम सिलिका येऊ शकते, म्हणजे उतारा ८० टक्के. पूड इतकी हलकी की पंखा चालू असताना वजन करता येत नाही. मास्क लावूनच हाताळायची.

८ नोव्हेंबर

बाहेरच्या एका उपकरण केंद्रात दोन नमुने एक्सआरडीला (क्ष-किरण टाकून ते कुठल्या कोनात वळतात त्यावरून आतली रचना ओळखणारी तपासणी) पाठवले होते. निकाल आला: २२ अंशांच्या आसपास एक पसरट उंचवटा, बाकी काही नाही. मी घाबरले. मॅडमनी आलेख बघितला आणि विचारलं, “स्कॅन कुठून सुरू केलाय?” १० अंशांपासून.

या पुडीची ओळख पटते ती २ ते ५ अंशांच्या मध्ये. सिलिकेच्या भिंती अस्ताव्यस्तच असतात, नियमित असते ती नळ्यांची रचना, आणि ती इतकी मोठी की तिची शिखरं आलेखाच्या अगदी डाव्या टोकाला येतात. १० पासून सुरू केलं तर काचेची पूड आणि एमसीएम-४१ सारखीच दिसतात. अर्जावर ‘लो अँगल, ०.५ किंवा १ अंशापासून’ असं मी लिहायला हवं होतं. १,२०० रुपये आणि दिवाळीसकट तीन आठवडे गेले.

२८ नोव्हेंबर

लो अँगल आला. २.३१ अंशांवर उंच शिखर, ४.० आणि ४.६ च्या जवळ दोन छोटी. तीन शिखरांचं हे प्रमाण म्हणजे षटकोनी रचना. पहिल्या शिखरावरून थरांतलं अंतर ३.८२ नॅनोमीटर, त्यावरून दोन नळ्यांच्या केंद्रांमधलं अंतर ४.४.

मामाला फोन करून सांगितलं. त्याला शिखरं-बिखरं कळली नाहीत, पण तो म्हणाला, “आता आमच्या तुसाचं काय ते कर.”

५ डिसेंबर

तूस. सहा ग्रॅम पांढरी राख, ५० मिली दोन मोलर कॉस्टिक, दोन तास उकळ. हे काचेत केलं नाही, गरम कॉस्टिक काचेलाही खातो आणि मग सिलिका तुसाची की बीकरची हा प्रश्न उरतो. या वेळी स्टील चालतं. गाळून, गरम पाण्याने धुऊन १०० मिली केलं. हे झालं सोडियम सिलिकेट, पाण्यासारखं स्वच्छ.

त्यातलं २० मिली सीटॅबच्या गरम द्रावणात घातलं. इथे वेगळा कॉस्टिक लागत नाही, उलट आधीच फार झालेला असतो. म्हणून आम्ल घालून पीएच १०.५ च्या आसपास आणायचा. मी ब्युरेटऐवजी मोजपात्राने आम्ल ओतलं. जिथे धार पडली तिथे पीएच क्षणात सातच्या खाली गेला आणि तिथल्या तिथे थलथलीत गोळे. सिलिका उदासीन पाण्याच्या आसपास सगळ्यात झटकन गोठते. एकदा गोठलेला गोळा पुन्हा ढवळून सुटत नाही.

७ आणि ८ डिसेंबर

पुन्हा तेच, ब्युरेटने, थेंबाथेंबाने, पीएच मीटर बुडवून. ८० अंशांना मीटरचा इलेक्ट्रोड भलतंच दाखवतो, म्हणून चमचाभर नमुना बाहेर काढून गार करून मोजला. एक तास लागला. ताक झालं.

१४ डिसेंबर

थंडीने एक नवीनच घोळ केला. सकाळी लॅबमध्ये सीटॅबच्या साठ्याच्या बाटलीत पांढऱ्या सुया. बाटली खराब झाली असं समजून फेकणार होते. सीटॅब पाण्यात २५ अंशांच्या खाली नीट विरघळून राहत नाही, सुया होऊन बसतं. कोमट पाण्यात बाटली ठेवली, पुन्हा स्वच्छ.

पण याचा दुसरा अर्थ माझ्या उशिरा लक्षात आला. गेले आठ दिवस मी गाळ नळाच्या गार पाण्याने धूत होते. म्हणजे सुटं सीटॅब निघतच नव्हतं. आता धुण्याचं पाणी ४० अंशांचं.

२ जानेवारी २०२४

बीईटीचे (पुडीच्या आतबाहेरच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ मोजणारी तपासणी) निकाल. टीईओएसची पूड: ग्रॅमला ९८० चौरस मीटर. कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटर, म्हणजे चमचाभर पुडीच्या आत साडेसात मैदानं. नळीची रुंदी २.६ नॅनोमीटर. दोन केंद्रांमधल्या ४.४ मधून ते वजा केलं की भिंतीची जाडी १.८.

तुसाची पूड: ३१२.

मॅडमच्या अटीची किंमत मला इथे कळली. हात तोच, भट्टी तीच, सीटॅब तेच. टीईओएसच्या वाटेत सोडियम थोडं, तुसाच्या वाटेत भरपूर. धुताना गुठळ्यांत राहिलेलं सोडियम भट्टीत सिलिकेला मऊ करतं आणि नळ्या बसतात. सप्टेंबरमध्ये पोटॅशियमने राखेत जे केलं तेच इथे सोडियमने. एकच धडा मला दोनदा पैसे भरून शिकावा लागला.

नवीन घाणा, कोमट पाण्याने सहा वेळा धुतला. धुण्याचं पाणी कंडक्टिव्हिटी मीटरवर जवळजवळ शुद्ध पाण्याइतकं येईपर्यंत थांबले नाही. (१९ जानेवारीला निकाल: ८४६. तुसाच्या मानाने मी समाधानी.)

९ जानेवारी

टीईएम, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे फोटो. कण गोलसर, बहुतेक ८० ते १२० नॅनोमीटरचे, आत समांतर रेघा. तुसाचे कण मात्र आकाराने ओबडधोबड, काही जुळे चिकटलेले. ओव्हनमध्ये वाळवताना ते चिकटतात. औषध वाहून नेण्यासाठी असे कण करत असाल तर पूड वाळवूच नका, इथेनॉलमध्ये ठेवा. मला रंगासाठी हवे होते, चाललं.

१७ जानेवारी

मेथिलीन ब्लू. सगळे प्रबंध याच रंगाने सुरू होतात. ५० मिली द्रावण, लिटरला ५० मिलिग्रॅम, त्यात २० मिलिग्रॅम पूड, दोन तास हलवत. ६६४ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशावर मोजायचं.

आधी तीन छोट्या चुका. सिरिंज फिल्टरने गाळलं तर फिल्टरच निळा होऊन बसला. तो रंग पुडीने खाल्लेला नव्हता, पण माझ्या हिशेबात पुडीच्या नावावर गेला असता. म्हणून सेंट्रिफ्यूज. आणि वरच्या पाण्यात थोडी जरी पूड तरंगत राहिली तरी ती प्रकाश विखुरते आणि आकडा फुगतो. दोनदा फिरवा. तिसरं, मूळ द्रावण यंत्राच्या पट्टीबाहेर जातं, पातळ करूनच मोजा.

निकाल: ५० चे ९ उरले. म्हणजे ग्रॅमभर पुडीने सुमारे १०२ मिलिग्रॅम रंग धरला. नळीतलं गडद निळं पाणी फिकट झालेलं, खाली निळा गाळ. लॅबमधल्या सगळ्यांना दाखवलं. घरी गेल्यावर शेजारच्या काकांना मोबाइलवरचा फोटो दाखवला. ते तीस वर्षं डायिंग मास्टर आहेत. त्यांनी फोटो बघितला आणि विचारलं, “हा रंग कुठल्या कापडाला लावतात?”

२५ जानेवारी

रात्रभर त्या प्रश्नाने झोप लागली नव्हती. आमच्या गावात सुती कापडाला लागतात ते रिअॅक्टिव्ह रंग. त्यांच्यावर ऋण भार असतो. मेथिलीन ब्लूवर धन. सिलिकेचा पृष्ठभाग पाण्यात ऋण. म्हणजे मी अशी परीक्षा घेतली होती की जिच्यात सिलिका पास होणारच होती.

काकांनी रिअॅक्टिव्ह ब्लॅक ५ या काळ्या रंगाची चिमूटभर पूड कागदाच्या पुडीत दिली. तीच कृती, मोजायचं ५९७ नॅनोमीटरवर. ५० चे उरले ४८.६. म्हणजे जवळपास काहीच नाही. टीईओएसची असो की तुसाची, दोन्ही सारख्याच निरुपयोगी.

मला हे इथे ठळक सांगायचंय, कारण हा माझ्या प्रकल्पातला सगळ्यात मोठा गेलेला वेळ आहे: पाच महिने मी पदार्थ घडवत होते आणि ज्या पाण्यासाठी घडवत होते त्याचा भार काय, पीएच काय, मीठ किती, हे एकदाही विचारलं नव्हतं. घरापासून पन्नास पावलांवर सांगणारा माणूस होता.

३ फेब्रुवारी

खोटा आनंद. उरलेले जुने नमुने चाळताना ‘ए-२’ लेबलच्या पुडीने काळा रंग ८० टक्के खेचला. मॅडमना फोनही केला. मग नळी हलवताना वर फेस दिसला. सिलिकेला फेस येत नाही.

ए-२ ही न जाळलेली पूड. डिसेंबरात तिच्यातलं सीटॅब इथेनॉल आणि थोड्या आम्लाने एकदाच धुऊन काढलं होतं, आणि ते पुरतं निघालं नव्हतं. एफटीआयआरमध्ये (अवरक्त प्रकाशाने रेणू ओळखणारी तपासणी) २९२० आणि २८५० ला सीटॅबची शिखरं जशीच्या तशी. सीटॅबवर धन भार, त्यानेच रंग धरला. पण तेच सीटॅब पाण्यात सुटत होतं, आणि ते मासे आणि पाण्यातल्या जिवांना विषारी आहे. रंग काढून विष घालायचं. असं पाणी नदीत सोडण्यापेक्षा रंगीत पाणी परवडलं. हा नमुना बाद. इथेनॉलने धुणार असाल तर ६० अंशांना सहा सहा तास, दोनदा, आणि एफटीआयआर बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही. फेसाची चाचणी फुकट आहे, दर वेळी करा.

१२ ते १८ फेब्रुवारी

पृष्ठभागाचा भार बदलायचा तर अमाइन (नायट्रोजन असलेले, धन भार घेऊ शकणारे) गट बसवायचे. त्यासाठी अॅप्टेस हे सिलिकेला अमाइन जोडणारं रसायन, १०० मिली ३,२०० रुपये. पूड टोल्युइनमध्ये, अॅप्टेस घालून ११० अंशांना रिफ्लक्स (वाफ गार करून परत भांड्यात पाडत उकळणं).

पहिल्या वेळी टोल्युइन बाटलीतून सरळ घेतलं. त्यात ओल होती. अॅप्टेस आपापसातच जुळत गेलं आणि पूड डिंकासारखी चिकट झाली, नळ्यांची तोंडं बुजली. दुसऱ्या वेळी टोल्युइन रात्रभर ओल शोषणाऱ्या मॉलिक्युलर सीव्हवर, पूड आधी १२० अंशांना वाळवलेली, वर कॅल्शियम क्लोराइडची नळी. बारा तास. टोल्युइन आणि इथेनॉलने धुतलं. निनहायड्रिनचे दोन थेंब टाकले आणि पूड जांभळी झाली. अमाइन बसलंय हे सांगणारी इतकी स्वस्त चाचणी दुसरी नाही, पण आधी नीट धुवा, नाहीतर सुटं अॅप्टेसही जांभळंच दाखवतं.

२२ फेब्रुवारी

काळा रंग, अमाइनची पूड. पीएच ३ ला ५० चे ११ उरले, ग्रॅमला ९७ मिलिग्रॅम. पीएच ७ ला २९ उरले. पीएच १०.८ ला ४६. रंगाचा रेणू मोठा, नळ्या अरुंद, म्हणून दोन तास पुरत नाहीत. वरचे आकडे सहा तासांचे आहेत.

अमाइन आम्लात धन होतं आणि अल्कलीत तो भार जातो. आकडे बरोबर त्याच क्रमाने उतरले. पुस्तकातलं वाक्य आपल्या नळीत खरं होताना बघायला मिळालं, त्या दिवशी पुरेसं होतं.

१ मार्च

खरं पाणी. डायिंग मास्टर काकांनी जिगरचं (कापड रंगवायचं यंत्र), रंगाई संपल्यावरचं पहिलं धुण्याचं पाणी पाच लिटरच्या कॅनमध्ये आणून दिलं. कोमट, काळं, हाताला बुळबुळीत. पीएच ११.२. सोडा आणि मीठ भरपूर, कारण त्यांच्याशिवाय हा रंग सुताला लागतच नाही.

साधी पूड: रंग ३ टक्के उतरला. अमाइनची, पाणी जसंच्या तसं: ७ टक्के. मग आम्ल घालून पीएच ३ केला. सोड्यामुळे बीकर फसफसून वर आलं, आम्ल किती गेलं ते बघून मी दचकले. उतार ३८ टक्के. लॅबच्या शुद्ध पाण्यात ७८ होता. मिठातले ऋण आयन त्याच अमाइनवर जागा अडवून बसतात आणि रंगाला उरलेल्यात भागवावं लागतं.

९ मार्च

मॅडमनी आणखी एक करायला सांगितलं: २०० मिलिग्रॅम पूड त्याच ११.२ पीएचच्या १०० मिली पाण्यात २४ तास ठेव, धुऊन वाळवून वजन कर. वजन आलं ११८. पूड विरघळत होती. अर्थात, राखेतून सिलिका बाहेर काढायला मी कॉस्टिकच वापरला होता. भिंत जेमतेम १.८ नॅनोमीटरची, तिला किती वेळ लागणार. रंग सोडवून पूड पुन्हा वापरायची तर अल्कलीच लागतो, तेही या कारणाने बसत नाही.

२० मार्च

हिशेब. टीईओएस १,९००, सीटॅब १०० ग्रॅम १,४५०, अॅप्टेस ३,२००, चुकलेला एक्सआरडी १,२००, बरोबर तीन नमुने २,४००, बीईटी तीन नमुने ५,४००, टीईएम २,५००, इथेनॉल-टोल्युइन वगैरे २,३००. एकूण २०,३५० रुपये. विभागाकडून १० हजार मिळाले, बाकी घरचे. पातेलं धरलेलं नाही.

तूस फुकट मिळालं तरी पूड फुकट होत नाही. ग्रॅमभर पुडीला जवळपास ग्रॅमभर सीटॅब लागतं, म्हणजे लॅबच्या भावाने १४ रुपये तिथेच गेले. त्यात धुण्याचं पाणी, भट्टीची पंधरा तासांची वीज. प्रोसेस हाउसच्या (कापड रंगवण्याच्या कारखान्याच्या) हजारो लिटर गरम, खारट, अल्कलीच्या पाण्यात ओतायची ही वस्तू नाही, असं मी प्रबंधात स्पष्ट लिहिलंय. मेथिलीन ब्लूचा १०२ चा आकडा पण दिलाय, शेजारीच ३, ७ आणि ३८. मॅडम म्हणाल्या, चारही एकाच तक्त्यात घाल.

मग ही पूड कशासाठी? माझ्या मते जिथे पाणी थोडं, पीएच आपल्या हातात आणि आतल्या जागेला खरी किंमत आहे तिथे. एकेका कणाच्या नळीत औषध भरण्याचं काम २००१ पासून चाललंय, आयब्युप्रोफेनपासून सुरुवात झाली. उत्प्रेरकाला आधार म्हणून वापरतात. अमाइनची पूड कार्बन डायऑक्साइड धरते. आमच्याच विभागातला एक जण हळदीतलं कर्क्युमिन भरून बघतोय. त्याला मी एवढंच सांगितलं की कर्क्युमिन ७.४ पीएचच्या बफरमध्ये स्वतःच काही मिनिटांत मोडायला लागतं, तेव्हा आधी पूड न घालता नुसतं कर्क्युमिन मोजून बघ.

२७ मार्च

कपाट रिकामं करून दिलं. ज्युनिअरसाठी ठेवलेल्या बाटल्या: तुसाची पूड, सहा वेळा धुतलेली, ४.२ ग्रॅम. अमाइनची ०.९ ग्रॅम, डेसिकेटरमध्ये (ओल लागू न देणारं बंद भांडं), लेबलवर तारीख आहे. ए-२ वर लाल पेनने ‘सीटॅब आहे, वापरू नये’. पांढरी राख २६ ग्रॅम. तुसाचं अर्धं पोतं जिन्याखाली आहे, तोंड घट्ट बांधलंय, पावसाच्या आत वापरा.

डायिंग मास्टर काकांना प्रबंधाची एक प्रत दिली. त्यांनी तक्ता उघडला, ३८ च्या आकड्यावर बोट ठेवलं आणि विचारलं की मीठ आधी काढलं असतं तर किती आलं असतं. कॅनमध्ये अजून दोन लिटर पाणी शिल्लक आहे. सोमवारी करून बघते.